सशाचा कान

"अगं, ती फक्त फोटो काढते. वाचता कुठे येतं तिला?"

ताई फोनवर तिच्या आईशी माझ्याबद्दल बोलत होती. दार अर्धं उघडं होतं. मी कॅमेऱ्यामागे तशीच उभी राहिले.

जर्मनीतल्या येना शहराच्या त्या ग्रंथालयात आम्ही दोघीच मराठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. ती पुण्याची, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, हिब्रू शिकलेली. पाचशे वर्षांपूर्वी छापलेल्या ज्यू सणांच्या प्रार्थनापुस्तकांची ती यादी करायची, मी पानांचे फोटो काढायचे. पहिल्याच आठवड्यात मी उपासाच्या प्रार्थनांचं एक अख्खं पुस्तक डावीकडून सुरू केलं; हिब्रू उजवीकडून वाचतात, म्हणजे शेवटाकडून. "मॅडमनी उपास आधी सोडला, मग धरला," असं ती सगळ्यांना सांगत सुटली. मीही हसले. इंग्रजी शाळेमुळे मी मराठीसुद्धा अडखळत वाचते. ती हिब्रू ओळीवरून सरसर बोट फिरवायची तेव्हा माझा जळफळाट व्हायचा.

वाचता येत नाही म्हणून मी चित्रं बघायचे. प्रत्येक मोठ्या सणाच्या प्रार्थनेचा पहिला शब्द ठळक, आणि त्याभोवती लाकडी ठशाने छापलेली चौकट: वेली, कुत्रा, पळणारा ससा. आमच्याकडच्या दोन पुस्तकांत हाच ठसा होता. जुन्यात सशाचे दोन्ही कान शाबूत. नंतर छापलेल्या पुस्तकात एका कानाचं टोक सगळीकडे उडालेलं. मधल्या काळात ठशाची कपची निघाली असणार.

दोन्ही पुस्तकांत उपासाच्या प्रार्थनेचं पहिलं पान नव्हतं, आणि तसंच एक पान सुटं सापडलं होतं. ताईने मजकूर वाचून ते जुन्या पुस्तकातलं ठरवलं. ते पान ग्रंथालयाच्या प्रदर्शनात मांडलं जाणार होतं, आणि त्याच्या पाटीवर तिचं नाव येणार होतं.

सुट्या पानावरच्या सशाचा कान तुटका होता.

हे मला तीन दिवसांपासून माहीत होतं. पाटी लागावी, मग कुणीतरी जाणकाराने तिला सगळ्यांसमोर अडवावं, याची मी वाट बघत होते.

फोन ठेवून ती आत आली. "चल, झालं का गं? पाटी आज छापायला जाते. त्या पानाचा फोटो दे."

तिची फजिती झाली असती तरी त्यात माझं नाव कुठेच आलं नसतं, हे मला तेव्हा कळलं. मी स्क्रीनवर तीन ससे शेजारी शेजारी लावले.

"हे काय?"

"पान दुसऱ्या पुस्तकातलं आहे, ताई. कान बघ. आणि पाटीवर माझंही नाव घाल."