आप्पाकाकांचा शॉट

जे सांगायला बसलेय ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही – देवापुढे उभी राहिले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा दिवाळीत सुमाताईकडे जाऊन आल्यापासून माझे हात स्वस्थ राहत नाहीत, म्हणून असेल. कपाट आवरते, परत विस्कटते. बसले तर उठावंसं वाटतं, उठले तर कुठं जायचं कळत नाही.

आधी फिल्मचं सांगते. फिल्मचं सांगणं सोपं आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्ही झाशीत एक शॉर्ट फिल्म केली. आम्ही म्हणजे मी, भूपेंद्र आणि वर्गातली चार टाळकी. लिहिणारी मी, दिग्दर्शन माझं, हट्टही माझाच. आणि साधीसुधी गोष्ट नको होती मला – फँटसी हवी होती! तळ्याखाली बुडालेलं एक नगर. त्या नगराचा म्हातारा राजा. राणी पाण्याबरोबर वाहून गेलेली. वर्षातून एकदा पाणी ओसरतं, आणि गेलेली माणसं घडीभर पायऱ्यांवर येतात. राजा तिची वाट बघत बसतो, आणि शेवटी ती येते. एवढंच. पण मधे लक्ष्मी गेटच्या बाजारावरून मासे उडत जायचे होते, आणि चुडीवाल्यांच्या दुकानांतून पाण्याचे बुडबुडे वर चढायचे होते.

कशाच्या जोरावर? भूपेंद्र झाशीजवळच्या टहरौलीचा, त्याचे मामा चिरगाँवला लग्नांचे व्हिडिओ काढत. त्यांचा कॅमेरा आम्ही मागून आणला होता. मासे एका दवाखान्यातल्या काचेच्या टाकीत शूट केले आणि लॅपटॉपवर एकेक कापून बाजारावर चिकटवले. लॅपटॉप इतका तापायचा की त्याच्याखाली ओला पंचा ठेवायचो. बुरूज थर्माकोलचे. वारा सुटला की राज्य उडून नाल्यात. हसायचो, भांडायचो, पुन्हा चिकटवायचो. मला तेव्हा वाटायचं, ही फिल्म झाली की मी या गावातून सुटले.

राजा होणारा मुलगा ऐन वेळी ग्वाल्हेरला नोकरी लागून निघून गेला. आणि तेव्हा मला आप्पाकाका आठवले.

आप्पाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आम्ही कंपनीच्या कॉलनीत राहायचो, ते लक्ष्मी गेटच्या आत, आमच्या जुन्या घरात. सरकारी कचेरीत जन्म काढलेला माणूस, पण गणपतीत मराठी मंडळाच्या नाटकात दरवर्षी उभे राहत. पांढरी दाढी, लांब नाक, डोळे असे की समोरच्याला आपण काहीतरी लपवतोय असं वाटावं. माझी मराठी हिंदीत भिजलेली. मी ‘काका, मला ठंड लागतेय’ म्हणायची, आणि ते शांतपणे म्हणायचे, ‘थंडी वाजतेय.’ कधी हसले नाहीत माझ्या बोलण्याला. नुसतं सरळ करून हातात द्यायचे.

काकू जाऊन दोनेक वर्षं झाली होती, आणि काका विसरायला लागले होते. आधी नावं, मग रस्ते, मग – कधीकधी – काकू गेल्याचंच. ‘तुझी काकू कुठंय गं?’ असं विचारायचे आणि आपणच आठवून गप्प व्हायचे. ते गप्प होणं बघवत नसे. त्यांची मुलगी सुमाताई शाळेत शिकवायची. लग्न केलं नव्हतं. तीच त्यांचं सगळं बघायची.

मी विचारायला गेले तर सुमाताई खूश झाली. आप्पांचं मन रमेल, म्हणाली. फक्त एक गोष्ट तिनं मला सांगितली, दारापर्यंत सोडायला आली तेव्हा, हळू आवाजात.

‘मुग्धा, आईचा विषय काढू नकोस हं त्यांच्यापुढे. त्यांना दर वेळी ते नव्यानं कळतं. आणि दर वेळी ते तसेच रडतात, पहिल्या दिवसासारखे.’

मी हो म्हणाले. हे मी तुम्हाला नीट सांगून ठेवतेय. मला माहीत नव्हतं, असं नंतर कुणी म्हणू नये – मी तर नाहीच.

काका सुंदर काम करत. संवाद पाठ होणं शक्य नव्हतं, म्हणून राजा मी मुकाच केला. पुठ्ठ्याचा मुकुट घालून, जुन्या पडद्याचा शेला पांघरून ते बसले की पोरं आपोआप हळू बोलायला लागत. भूपेंद्र त्यांना दादाजी म्हणायचा, त्यांच्या चपला हातात धरून पुढं चालायचा.

राहिला तो शेवटचा शॉट. राणी येते, राजा तिला बघतो. राणी दिसणारच नव्हती, फक्त राजाचा चेहरा. संध्याकाळची वेळ, लक्ष्मी ताल या गावातल्या तळ्याच्या पायऱ्या. लगनसराई सुरू होत होती, सकाळी कॅमेरा मामांना परत करायचा होता. म्हणजे तो शॉट त्याच संध्याकाळी व्हायला हवा होता.

आणि तो होईना.

मी सांगायची, ‘काका, समोर बघा, राणी आलीय.’ काका समोर बघायचे आणि फोटो काढताना हसतो तसं हसायचे. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच, सोज्वळ, पाहुण्यांपुढचं हसू. ऊन पाण्यावरून सरकत पलीकडच्या भिंतीवर गेलं. भूपेंद्र म्हणाला, ‘लाइट जा रही है, मुग्धा. जैसा है वैसा ले लेते हैं.’

जसं आहे तसं? इतके महिने मी राबले ते या हसण्यासाठी?

मी काकांजवळ जाऊन पायरीवर बसले. आणि मराठीत बोलले. का मराठीत? काकांशी नेहमी तसंच बोलायची, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. ते खरं नाही. तिथं दुसऱ्या कुणाला मराठी कळत नव्हतं, म्हणून मराठीत बोलले.

मी म्हणाले, ‘काका, काकू आल्यात. त्या बघा, खालच्या पायरीवर. तुम्हाला बोलावतायत.’

आणि उठून कॅमेऱ्यामागं गेले.

पुढचं तुम्ही पाहिलं असेल – पुष्कळांनी पाहिलंय. काकांच्या चेहऱ्यावर आधी काहीच झालं नाही. मग कपाळ सैल झालं. ओठ थरथरले, आणि ते हसले – पण हे हसू मी जन्मात पाहिलेलं नव्हतं, एखाद्या पोराचं असतं तसं. त्यांनी घाईनं डोक्यावरचा मुकुट काढला. हो, काढला. या सोंगात बायकोपुढं कसं जायचं, म्हणून. तळव्यानं केस बसवले. म्हणाले, ‘आलीस? किती उशीर केलास गं.’ आणि पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेले.

मी कट म्हणाले नाही. भूपेंद्रनं माझ्याकडं पाहिलं, मी हातानंच सांगितलं – चालू ठेव.

काका पाण्यात उभे राहून इकडं बघत होते, तिकडं बघत होते. मग मागं वळले. मला विचारलं, ‘कुठंय?’

आता ऐका. इथवर जे केलं ते वाईटच होतं, पण मी ज्यासाठी हे सांगायला बसले ते याच्यापुढचं आहे. त्या क्षणी मी खरं सांगू शकले असते. ‘काका, चुकलं माझं, फिल्मसाठी बोलले मी.’ ते रडले असते. पोरांसमोर, पाण्यात उभे राहून, पहिल्या दिवसासारखे रडले असते. भूपेंद्रनं विचारलं असतं, तू काय बोललीस त्यांना? आणि मला सांगावं लागलं असतं.

म्हणून मी म्हणाले, ‘गेल्या काका. उद्या येतील.’

काका म्हणाले, ‘बरं.’ माझा हात धरून निमूट वर आले. मी त्यांचे पाय पुसले. घरी जाताना रस्ताभर ते गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते धुतलेला सदरा घालून, केस विंचरून, तळ्यावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. मग रोज. शाळेतून दमून आलेली सुमाताई घर रिकामं बघून तशीच तळ्याकडं धावायची. अंधार पडला तरी ते उठत नसत. ‘येणार आहे ती, तू जा’ – एवढंच म्हणायचे. एकदा पाण्यात उतरलेले सापडले. मग सुमाताई बाहेर जाताना बाहेरून कडी लावायला लागली. ते आतून दार ठोकायचे. काकांना पंडितजी म्हणणाऱ्या गल्लीत बोलणं सुरू झालं – बिचारे पंडितजी, बेटी बंद करके जाती है. पुण्याहून आत्याचा फोन आला, तिनं सुमाताईला नाही नाही ते सुनावलं. सुमाताई ऐकून घेत राहिली.

मी तेव्हा काय करत होते? एडिटिंग. त्या शॉटच्या आवाजात माझं वाक्य स्पष्ट होतं, काकांचं विचारणं होतं, माझं ‘उद्या येतील’ होतं. मी सगळा आवाज पुसून टाकला आणि वर बासरी घातली. मूळ फाइलही पुसली. भूपेंद्रनं विचारलं तर म्हणाले, हवा फार होती, आवाज खराब आला होता.

कॉलेजच्या हॉलमधे फिल्म दाखवली तेव्हा माशांना टाळ्या पडल्या. काकांचा चेहरा आला तेव्हा मागून कुणीतरी हुंदका दिल्यासारखं ऐकू आलं. मग इंटरनेटवर टाकली. नातेवाइकांच्या ग्रुपवरून सांगली, पुणे, नागपूर, इंदूर सगळीकडं फिरली. भोपाळला एका महोत्सवात बक्षीस मिळालं. तिथं मला विचारलं, दादाजींकडून हे कसं करून घेतलंत? मी माइक हातात घेऊन म्हणाले, ‘वो नेचुरल एक्टर हैं.’ त्या फिल्मवर मला पुढं फिल्म शिकायला प्रवेश मिळाला, त्यावर काम मिळालं. आज मी जे खाते ते तिथून सुरू झालेलं आहे.

काका नंतर खाटेला खिळले आणि एका हिवाळ्यात न्यूमोनियानं गेले. माझ्यामुळं गेले असं मी म्हणणार नाही. तसं म्हणून मला उगाच मोठी शिक्षा घेतल्याचं समाधान मिळेल. पण त्या संध्याकाळी माझ्या नावावर आहेत. तळ्यावरच्या सगळ्या संध्याकाळी, कडीमागच्या सगळ्या संध्याकाळी.

आणि सुमाताई. तिला वाटतं, ते तिच्यामुळं झालं. काका गेल्यावर तेराव्याला तिनं मला सांगितलं. शेवटच्या शॉटच्या दिवशी सकाळी काकांनी आंघोळीला उठायला नकार दिला, ‘तुझी आई पाणी काढेल’ म्हणाले, आणि तिला शाळेत उशीर होत होता, आणि ती ओरडली. ‘आई मेली आप्पा, किती वेळा सांगू!’ – आयुष्यात एकदाच ओरडली. त्याच दिवसापासून ते आईला शोधायला लागले, असा तिनं हिशेब लावलाय. ‘मीच त्यांना त्या वाटेला लावलं गं,’ म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, ‘नाही गं ताई. आजारच तसा असतो.’

किती समजूतदार वाक्य आहे ना? त्यात एकही शब्द खोटा नाही. असं वाक्य मला त्या वेळी सुचलं कसं, हे मी आजही स्वतःला विचारते.

या दिवाळीत गेले तेव्हा ती एकटीच होती. निवृत्त झालीय आता. फराळाची ताटली माझ्यासमोर ठेवली, फोन घेतला आणि फिल्म लावली – ती अधूनमधून बघते. बाकी काही बघत नाही, शेवटचंच. काका मुकुट काढतात तिथं तिनं थांबवली. फोन डोळ्यांजवळ नेला.

‘इथं त्यांचे ओठ हलतात,’ ती म्हणाली. ‘मुग्धा, काही बोलले होते का गं ते? आईबद्दल?’

माझ्याकडं बघून विचारलं. रागानं नाही, संशयानं नाही. तिला नुसतं हवं होतं ते वाक्य, वडिलांचं. आणि ते जगात फक्त माझ्याकडं आहे.

मी म्हणाले, ‘नाही ताई. असंच काहीतरी पुटपुटले असतील.’

ती ‘बरं’ म्हणाली. फोन उलटा ठेवला आणि मला म्हणाली, चकली खा, तुला आवडते म्हणून केलीय.

मी खाल्ली.