सुरुंगाआधीचा भोंगा

पणजीच्या एका प्रदर्शनात माझी अंधारी खोली लोकांना आवडली होती. भिंतभर आमच्या गावावरच्या बंद खाणीचं चित्र, वर छताला कॅमेरा. माणसं फिरली की चित्रातले ट्रक चालू लागत, लाल धूळ उडे. सगळे स्तब्ध राहिले की खाणीचा भोंगा वाजे आणि कोणी हललं की थांबे. पणजीत लोक दचकत, हसून हात हलवत. लगेच भोंगा बंद.

ज्यांच्यामुळे मी चित्रकलेच्या कॉलेजात पोचले, त्या माझ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "हे गावात दाखव." म्हणून डिचोलीजवळच्या आमच्या शाळेत एका वर्गाच्या खिडक्यांना काळे कापड लावले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पण मी नेमकं काय शिकले, हे मला आईला कधी सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी ती ते बघणार होती.

पूर्वी खाणीवर ट्रक चालवणारे शेजारचे काका दारातच उद्याच्या कामाची वेळ विचारल्यासारखे म्हणाले, "बायेन खाण परत चालू केली मरे. फाल्यां कितल्यांक कामार येवचें?"

सगळे हसत आत आले. ट्रक हलले. लोक बघत उभे राहिले आणि भोंगा वाजला.

कोणी दचकलं नाही. कोणी हसलंही नाही. काकांनी भिंतीला पाठ लावली. आई बक्षिसांच्या काचेच्या कपाटाकडे गेली आणि दोन्ही तळवे काचेवर दाबून उभी राहिली. खाणीचा भोंगा झाला की घरी बरण्यांची फळी ती अशीच धरायची. त्या हालचालीने भोंगा तुटला आणि परत लागला; मग खोलीत कोणीच हलेना. कोणी हलेना, म्हणून भोंगा थांबेना.

कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेरच्या टेबलावर माझा लॅपटॉप होता; मी तिथून भोंगा बंद करायला गेले.

"राव गो बाय," आई मान न वळवता मला थांबवत म्हणाली. "सुरुंग उडूंक ना अजून."

सुरुंग मी घातलाच नव्हता. भोंगा पुरे, असं मला वाटलं होतं. पणजीत पुरलाही होता. मी खाली पाहिलं, तर माझेही दोन्ही हात लॅपटॉप टेबलावर घट्ट दाबून धरत होते. ते तिथे कधी गेले, मला कळलंच नव्हतं. एवढी माणसं श्वास रोखून माझ्यासाठी थांबली होती, आणि माझ्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं.

बाजूला एक रिकामा बाक होता. मी त्याचं एक टोक छातीपर्यंत उचललं आणि फरशीवर सोडून दिलं.

खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"उडलो," काका म्हणाले. सगळे एकदम हलले, बोलू लागले. भोंगा आपोआप थांबला, भिंतीवरचे ट्रक चालू लागले.

आईने कपाटावरचे हात काढले. आतला एक कप कलंडला होता, तो दार उघडून नीट उभा केला. मग ती माझ्याकडे आली.

"हां," ती म्हणाली, "आतां दाखय, तुवें कितें केलां तें."