नारूचं वर्ष

अंबाजीचा उजवा गुडघा वाकत नसे. चालताना तो पाय वाशासारखा सरळ पुढे पडायचा. तालुका लोकल बोर्डाच्या सभेला तो कोंडशेतहून माणगावापर्यंत नऊ मैल असाच जाई. कुणी गाडीत बस म्हटलं तर म्हणे, "खोतानं दिलेला पाय हाय. राबू दे त्याला."

पाय खरंच खोतांनी दिला होता. अंबाजी तेरा वर्षांचा असताना त्याच्या गुडघ्याशी नारू फुटला. नारू म्हणजे सुतळीसारखा हातभर लांब किडा. फोडातून त्याचं टोक बाहेर आलं की ते काडीला गुंडाळायचं आणि रोज अर्धं बोट, फार तर एक बोट ओढायचं. मध्येच तुटला तर आत कुजतो. त्याच आठवड्यात महादेव खोतांना वेठीला माणसं हवी होती. पोरगा का येत नाही हे बघायला ते स्वतः दारात आले. "सोंगं करतोस काय रे?" म्हणाले, आणि काडीला हिसका दिला. किडा तुटला. तीन महिने पाय भोपळ्याएवढा होता. सूज उतरली तेव्हा गुडघा आखडलेला होता. खोतांच्या लक्षात ही गोष्ट आठवडाभरही राहिली नाही. अंबाजीला मात्र त्या दिवशी खोतांच्या अंगावर कोणत्या रंगाची बंडी होती तेही आठवत असे.

पुढे तो मुंबईला म्युनिसिपालिटीच्या हिवताप खात्यात लागला. डबक्यांवर आणि हौदांवर घासलेट मारायचं काम. तिथल्या एका डॉक्टरला त्याने नारूबद्दल विचारलं. डॉक्टरने भिंगाखाली पेलाभर पाणी धरून त्याला उड्या मारणारे पांढरे ठिपके दाखवले. नारू फुटलेला माणूस पाण्यात पाय घालतो, किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात, हे ठिपके ती खातात आणि आपण ठिपके पितो. पाणी फडक्याने गाळलं तर ठिपके वर राहतात. विहिरीच्या पायऱ्या बुजवून वरून दोरीने पाणी काढलं तर रोगच संपतो.

"आणि प्यायल्यावर किडा कधी निघतो?" अंबाजीने विचारलं.

"वर्षाने."

"वर्षभर काय कळत न्हाय?"

"काही नाही."

हे उत्तर त्याने जपून ठेवलं.

छत्तिसाव्या वर्षी तो गावी परतला, आणि १९२८ साली खोतांच्या पुतण्याला अकरा मतांनी पाडून बोर्डावर निवडून आला. काम चोख करी. दर हनुमान जयंतीला सुंठवडा वाटून झाला की मारुतीच्या अंगणात उभा राहून वर्षाचं काम सांगे. किती पोरांना देवी टोचल्या, कुठल्या विहिरीत जंतू मारायची जांभळी पूड टाकली, दवाखान्याचा डॉक्टर कुठल्या वारी येणार. लोक त्याला 'अंबाजीचं बोर्ड' म्हणत.

१९२९ च्या हनुमान जयंतीला त्याने सांगितलं, "नारूचे रोगी चौदा. चौदाही जणं एकाच विहिरीचं पाणी पितात."

सगळ्यांनी खोतांकडे पाहिलं. चैत्रात पाणी टिकायचं ते त्यांच्या पणजोबांनी बांधलेल्या पायऱ्यांच्या विहिरीला. बायका सत्तावीस पायऱ्या उतरून घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहत आणि घागर बुडवत. खोतांच्या घरी परसात वेगळा रहाट होता.

अंबाजीच्या खिशात आरोग्य खात्याची नोटीस होती. ती विहिरीवर डकवली की आठ दिवसांत बोर्डाचे गवंडी येऊन खालच्या सात पायऱ्या फोडणार होते. मग पाण्याभोवती भिंत आणि वर कप्पी.

खोत हसले. "अंब्या, नारू पाण्यात नसतो रे. तो ज्याच्या त्याच्या कर्मात असतो. आमच्या घरात कधी कुणाला झाला?"

"तुमी ते पाणी पिता कधी?"

"पिईन की. पणजोबांचं पाणी आहे."

"मग एक महिना प्या. शेवटच्या पायरीवर उभं राहून, न गाळता. नारू झाला न्हाय तर मी बोर्ड सोडतो."

"आणि झाला तर?"

"पायऱ्या तुमच्या हातानं फोडायच्या."

"कबूल. पण निकाल लागेपर्यंत माझ्या विहिरीला कुणी हात लावायचा नाही."

अंबाजीचा हात खिशावर होता. क्षणभर तो तिथेच राहिला. मग त्याने हात काढला आणि म्हणाला, "कबूल."

महिनाभर खोत रोज सकाळी धोतर सावरत पायऱ्या उतरायचे आणि तांब्या भरून, वर बघत घटाघट प्यायचे. वर काठावर अंबाजी उभा असायचा. त्याच दिवसांत सदू गुरवाच्या पायाला नारू फुटला होता. फोडाची आग निवावी म्हणून सदू पाण्यात पाय सोडून बसे. एरवी अंबाजी अशा माणसाला शिव्या घालून हाकलायचा. त्या महिन्यात हाकललं नाही.

"बस सदू, बस. जरा गार वाटंल."

सदूला नवल वाटलं. "आज तोंडात साखर हाय काय रे, मेंबर?"

महिना संपला तेव्हा खोतांनी अंगणात धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन दोन्ही पाय दाखवले. "बघ रे, भिंग आण हवं तर. कधी सोडतोस बोर्ड?"

"वरीस जाऊ दे," अंबाजी म्हणाला.

गाव पोट धरून हसलं. पुढच्या पावसात पोरं त्याला बघून ओरडायची, "मेंबर, वरीस झालं काय?" तो आखडलेल्या पायाने चालत राहायचा आणि मनात महिने मोजायचा. घरोघर जाऊन पाणी गाळायला मात्र सांगे. भावजय काशीला त्याने स्वतः जाड फडकं आणून दिलं. काशी गाळायची. पण तिची पंधरा वर्षांची लेक जनी रानातून लाकडं घेऊन येताना विहिरीत उतरून ओंजळीने प्यायची. तहान लागलेली पोर फडकं कुठून आणणार?

फाल्गुनात खोतांच्या घोट्याला फोड आला. चौथ्या दिवशी त्यातून पांढरं टोक दिसलं. अंबाजी बघायला गेला. खोत ओटीवर पाय लांब करून बसले होते, घामाने भिजलेले.

"किती दिवस लागतात?" त्यांनी विचारलं.

"महिना. दोन पण." अंबाजी समोरच्या बाकावर टेकला आणि त्या पायाकडे पोटभर बघत राहिला. खोत कण्हले की तो जरा पुढे वाकायचा. घरी जाऊन त्या दिवशी त्याने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

त्याच पंधरवड्यात जनीच्या पोटरीतून नारू निघाला. लाकडाची मोळी उतरवताना झटका बसून तो तुटला. जखम चिघळली, धनुर्वात झाला. दवाखान्यात नेईपर्यंत तिची दातखीळ बसली होती. हनुमान जयंतीच्या सहा दिवस आधी ती गेली.

तरी अंबाजी अंगणात उभा राहिला. खोतांना खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं. वर्षभर याच घटकेची वाट पाहिलेली.

"नारूचे रोगी तेवीस," तो म्हणाला. "त्यात पयलं नाव, महादेव खोत."

कुणी हसलं नाही. बायकांच्या घोळक्यातून काशी पुढे आली.

"भावजी, बोर्डाचा शिपाई सांगत व्हता. गेल्या साली नोटीस तुमच्या खिशात व्हती ना?"

"व्हती."

"लावली का न्हाय?"

अंबाजीने खोतांकडे पाहिलं. खोत खाली बघत होते.

"सदू पाण्यात पाय सोडून बसायचा," काशी म्हणाली. "मी घागर भरत व्हते. तुमी काठावरून बघत व्हता. त्याला उठवलंत का न्हाय?"

"खोतानं प्यावं म्हणून," अंबाजी म्हणाला. आवाज इतका लहान होता की मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, काय म्हणाला.

काशीने ते मोठ्याने सांगितलं. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं.

त्याच दुपारी बायकांनी पहारी घेऊन पायऱ्या फोडायला घेतल्या. अंबाजी पहार घेऊन उतरू लागला तेव्हा काशी वाटेत उभी राहिली. "तुमी न्हाय. तुमी वर थांबा. तुम्हाला वरूनच बघायची सवय हाय."

संध्याकाळी ती त्याच्या ओटीशी आली. बसली नाही.

"दर साली अंगणात उभं राहून सांगता ना? आता दर साली जनीचं नाव घ्यायचं. कशानं गेली ते सांगायचं. खोताचं नाव मात्र काढायचं न्हाय. तुमचं त्याच्याशी काय वैर हाय त्याच्याशी मला काम न्हाय. बोर्डावर हाय तोवर मी समोर येऊन बसणार."

"आणि बोर्ड सोडलं तर?"

"सोडू देणार न्हाय. मतं मीच गोळा करीन."

तिने केलीही. स्वतःला मत नव्हतं, पण मत असलेल्या प्रत्येक पुरुषाच्या घरी ती जाऊन आली. १९३१ आणि १९३४ साली अंबाजी निवडून आला. खोतांचा पाय हळूहळू बरा झाला आणि ते पुन्हा परसातल्या रहाटाचं पाणी पिऊ लागले.

१९३५ च्या हनुमान जयंतीला अंबाजीने सांगितलं, "देवी टोचलेली पोरं एक्केचाळीस. पूड टाकलेल्या विहिरी सहा. नारूचे रोगी, एक पण न्हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या, तरी काशी समोर तशीच बसून होती.

"जनी," तो म्हणाला. "वय पंधरा. नोटीस माझ्या खिशात असताना गेली."

काशी उठली, पदर झटकला आणि पाणी भरायला निघून गेली.