गोल राहिलेली बाही

माझी थोरली बहीण शकूताई झोपाळू नव्हती. तिच्या सासरी, पिंपळगाव रेणुकाईत, आणि आमच्या सगळ्या नात्यागोत्यात ती झोपाळू म्हणून ओळखली गेली, ती माझ्या एका वाक्यामुळं. ते वाक्य खोटं आहे हे बोलतानाच मला ठाऊक होतं. पुढं ते लोकांच्या तोंडी इतकं बसलं की चेष्टेचं झालं, मग मायेचं झालं आणि शेवटी कुणाला ते कुठून आलं हेही आठवेना. मला मात्र आठवत होतं. ताईला जाऊन आता दीड महिना होतोय आणि मी नेमकं काय केलं, किती केलं, हे माझं मलाच नीट मांडता येत नाही. तरी मांडून बघतो.

जालन्याला माझं ताडपत्री आणि मंडपाचं कापड शिवायचं दुकान आहे. त्या संध्याकाळी ट्रकची ताडपत्री मशीनखाली होती आणि भाच्याचा फोन आला. "मामा, आई उठंना..." एवढंच. मी पोचलो तोवर ओसरीवर माणसं जमली होती. जेवणं झाल्यावर ताई पदर डोक्याखाली घेऊन लवंडली होती. दाजींनी तिला बघितलं, पंखा तिच्याकडं वळवला आणि ते शेतात गेले. सून, कोमल, सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून भांडी मागल्या अंगणात नेऊन घासत बसली. संध्याकाळी चहाला हाक मारली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, लगेच उठवायला गेला असता तरी फरक पडलाच असता असं नाही. 'असं नाही' म्हणजे काय, हे मी त्यांना विचारलं नाही. दाजी मला धरून एकच सांगत होते, "इतक्या वर्सांत पैल्यांदा दुपारची लवंडली व्हती, मेव्हणे. म्हणलं, झोपू द्यावं. तशीबी झोपाळूच ती..." ते रडत होते, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतो.

ताईनं मला शिवण शिकवलं. आई शेतात, आणि घरी पायाच्या मशीनवर ताई. माझ्या शाळेच्या चड्डीला नेफा कसा घालायचा, म्हणजे नाडी ओवायला कापड दुमडून बोगदा कसा शिवायचा, हे मी तिच्याकडं बघून शिकलो. "नेफा ढिला ठेव रम्या, नाडी आत फिरली पाह्यजे," असं ती म्हणायची. लग्न होऊन ती पिंपळगावला गेली तेव्हा मशीन माझ्याकडं राहिलं. माझ्या धंद्याची सुरुवात तीच.

दाजींनी तुती लावली आणि रेशीमकिड्यांचं शेड बांधलं, त्याचं कौतुक मला त्यांच्यापेक्षा जास्त होतं. पण पत्र्याचं शेड उन्हाळ्यात तापायचं आणि अळ्यांना उकाडा सोसत नाही. बाहेर मोठा कूलर बसवून त्याचा गार वारा शेडभर फिरवायला कापडाची लांब नळी शिवून दे, असं दाजी म्हणाले. धंद्यात त्याला डक्ट म्हणतात. मी शिवली. दोन्ही अंगांनी वारा सुटायला भोकं ठेवली, वरून हुकांनी टांगली. मोटार सुरू झाली की ती फुगून लांबलचक व्हायची. ताईनं तिला नाव दिलं बाही. दाजी म्हणायचे अजगर. "मेव्हणे, तुमचा अजगर बघा, रोज मरतो आन रोज उठतो! लाईट गेली की मेला, लाईट आली की फटाक करून जित्ता!" खरंच, वीज येताना ती अशी फटकारायची की अळ्यांच्या रॅकवर पाला टाकणारी माणसं दचकायची, आणि बंद असताना दोन हुकांच्या मधे पोट सोडून लोंबायची. बघायला येणारे शेतकरी हसायचे. ताईला मात्र ती तशीच आवडायची. स्वयंपाकघराच्या दारातून शेडची जाळी दिसायची. भाकरी थापता थापता मान वळवली की तिला कळायचं, बाही पडली, म्हणजे वारा बंद. मग पीठ भरल्या हातानं ती पळायची.

मला लाज वाटायची. माझ्या हातचं काम असं लोंबतंय, आणि लोक विचारतात, कुणी शिवलं? मी त्या बाहीला आकार द्यायचं मनावर घेतलं. आधी कळकाच्या कामट्या वाकवून घातल्या, त्यांच्या कुसळांनी कापड फाटलं. मग लोखंडी तारेची कडी केली. कूलरच्या ओलाव्यानं तार गंजली, बाहीवर तांबडे डाग पडले, आणि ते पाणी तुतीच्या पाल्यावर टिपकायला लागलं तेव्हा ताईनंच ती ओढून काढली. शेवटी दाजींच्या शेतातली ठिबकची जुनी काळी नळी बघून सुचलं. तिचे तुकडे गोल वाकवून टोकं जोडायची, कापडाला थोड्या थोड्या अंतरावर आतून नेफा शिवायचा आणि त्यात ही कडी ओवायची. वरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून एक तार. नेफे ताईनं शिवले. सुट्टीला यावं तशी ती माझ्या दुकानात येऊन बसली होती, मशीनवर, जुन्या जागी. तो दिवस आम्हा दोघांचा फार चांगला गेला.

टांगल्यावर बाही अशी गोल, सरळ ताठ राहिली की दाजींनी टाळीच वाजवली. मोटार सुरूही केली नव्हती. मी म्हणालो, "आता वारा असो नसो, ही अशीच राहणार." ताई खाली उभी राहून वर बघत होती. ती म्हणाली, "मंग वारा गेला तर कळंल कसं?" ...असं ती म्हणाली होती का? गेला दीड महिना मी हे आठवायचा प्रयत्न करतोय. कधी मला तिचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. कधी वाटतं, हे वाक्य मीच आता तिच्या तोंडी घालतोय, म्हणजे माझा अपराध पुरता मोठा व्हावा. आठवणीला आकार द्यायला गेलं की ती खरी आहे का, हेच कळेनासं होतं.

त्या एप्रिलात अळ्या शेवटच्या टप्प्यात होत्या. पाला अशा खायच्या की वाळल्या पानांतून शेळ्यांचा कळप चालल्यासारखा आवाज यायचा. दोन दिवसांत कोष धरायला लागल्या असत्या. दाजी भोकरदनला गेले होते. मी दुपारून हसनाबादच्या एका शेतकऱ्याला घेऊन आलो. त्याचं मोठं शेड होतं, माझं काम त्याला दाखवायचं होतं. दाराशी आलो तर मोटार गुरगुरत होती, बाही गोल, टंच. "वा," गिऱ्हाईक म्हणालं. आत पाऊल टाकलं आणि तोंडावर भट्टीची वाफ आली. मी बाहीच्या भोकाला हात लावला. काहीच नाही. बाहेर जाऊन बघतो तर कूलरचा पट्टा तुटून खाली पडलेला, मोटार नुसतीच फिरत होती, पंखा उभा. रॅकवर अळ्या माना टाकून कडेनं लोंबत होत्या. मी हाक मारली, ताई धावत आली. तिच्या हाताला पीठ होतं. पीठ होतं, हे मी विसरू शकत नाही. झोपलेल्या बाईच्या हाताला पीठ नसतं.

पंखा बघायला म्हणून मी बाहीचं तोंड कूलरवरून सोडवलं, वरची तार सुटली आणि सगळी बाही जमिनीवर येऊन पडली. दाजी आले ते तेवढ्यात. त्यांना दिसली ती पडलेली बाही. ते ओरडले, "अगं, बाही पडलेली दिसली न्हाई का तुला?"

"पडलीच नव्हती ओ," ताई म्हणाली. "मी बघून राह्यली होती की. फुगलेली होती, बराबर फुगलेली होती..." आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

मला एका क्षणात सगळं समजलं होतं. शेजारी हसनाबादचा माणूस उभा होता. मी म्हणालो, "डुलकी लागली असंल तिला. उकाडा काय कमी आहे का."

एवढंच. रागानंसुद्धा नाही, समजुतीच्या सुरात. दाजींचा राग त्यानं खाली आला, हेही खरं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "झोपाळू हाय येडी." ताईनं पदरानं हात पुसले आणि मेलेल्या अळ्या टोपलीत भरायला लागली. हसनाबादवाल्यानं पुढं माझ्याकडून डक्ट शिवून घेतली. ती अजून चांगली चालते, म्हणतो.

मला न उमगणारी गोष्ट पुढची आहे. वीज तर रोज जायची. रोज वारा बंद व्हायचा आणि बाही तशीच गोल राहायची, घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दाजींनी त्या दिवसाशी हे कधीच जोडून पाहिलं नाही? की पाहिलं आणि गप्प बसले? आणि ताई? तिनं एकदा दिवाळीला, भाऊबीजेचं ताट हातात असताना, मला आपणहून सांगितलं, "खरंच लागली असंल रे मला डुलकी. आपल्याला काय कळतंय." मी ओवाळून घेतलं. तेव्हापासून ती दुपारी कधी आडवी झाली नाही. आणि प्रत्येक गोष्टीला हात लावून बघायला लागली. दिवा लागलेला दिसला तरी बटण चाचपायची, भरलेली घागर दिसली तरी आत हात घालायची. पाहुणे हसायचे. मीही हसलो असेन.

पुढच्या हंगामात बाहीच्या भोकांना लुगड्याच्या जुन्या काठाच्या लाल चिंध्या बांधलेल्या दिसल्या. मी विचारलं, "ताई, बाहीला गोंडे लावलेस का?" ती म्हणाली, "शोभा दिसती." दाजी म्हणाले, "नजर लागू नये म्हणून बांधल्या असतील. रेणुकाईला जाऊन आल्ती परवा." मी पुढं विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला बघायचंच नव्हतं.

मागच्या आठवड्यात दाजींनी बोलावलं. अळ्यांची नवी बॅच येणार होती, शेड धुवायचं होतं. त्यांची दाढी वाढलेली, पण बोलणं जुन्या वळणावर येत होतं. शेजारचे दोघं-तिघं मदतीला आले होते. कोमल रॅक पुसत होती. "मेव्हणे, ह्या चिंध्या काढून टाका," दाजी म्हणाले. "कळकट झाल्यात. आता शेडवर कोमल लक्ष देणार. ती काय तिच्या सासूवानी झोपाळू न्हाई." कोमल हसली, डोळे पुसत हसली. सगळेच हसले. त्या हसण्यात तिची आठवणच होती, वाईट काही नव्हतं. मी स्टुलावर चढलो, पहिल्या चिंधीची गाठ सोडायला हात घातला, आणि मोटार चालू होती म्हणून ती माझ्या बोटांत फडफडली.

मी खाली उतरलो. कोमलला म्हणालो, मोटार बंद कर. तिनं बंद केली. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या चिंध्या हळूहळू खाली आल्या आणि सरळ लोंबत राहिल्या. बाही होती तशीच, गोल.

दाजी त्या चिंध्यांकडं बघत राहिले. मग त्यांनी बाहीला खालून बोटानं टोचलं, पोकळ कापड आत गेलं आणि परत बाहेर आलं. "मंजी त्या दिवशी..." ते म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं. पट्टा, हसनाबादचा माणूस, पीठ, माझं वाक्य.

"तुमाला ठाव व्हतं?"

"होतं."

"आन तिला?"

"मला माहीत नाही, दाजी."

"मंग मला बोलली काऊन न्हाई ती? इतकी वर्सं मी चारचौघांत..." ते तिथंच थांबले. ताई मला वाचवायला गप्प बसली असेल, तर मी तिच्याकडून किती घेतलं? तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासच उडाला असेल आणि म्हणून हलणारं काहीतरी समोर पाहिजे म्हणून चिंध्या बांधल्या असतील, तर ते त्याहून वाईट. यातलं कुठलं खरं व्हावं असं मला वाटतं, हेसुद्धा मला कळत नाही.

मी दाजींचे पाय धरायला वाकलो. त्यांनी मला धरून सरळ उभं केलं, फार मायेनं नाही. "माझे काऊन धरता?" ते म्हणाले. "झोपाळू मला न्हाई ठरवलं तुमी. माफी मागायची तर तिची मागा. आन ह्या सगळ्यायपुढं मागा." मग ते स्वतः बाहेर गेले आणि मोटार सुरू केली. पंखा फिरला, वारा आला, चिंध्या एकामागून एक उचलल्या. बाही हललीसुद्धा नाही.

मी बोललो. माझ्या ओठांतल्या ओठांत राहिलं.

"मोठ्यानं," दाजी दारातून म्हणाले. "मोटारीत ऐकू येत न्हाई."

तेव्हा मी कोमलपुढं, शेजाऱ्यांपुढं, दाजींपुढं मोठ्यानं म्हणालो, "ताई, तू झोपली नव्हतीस. तू जागी होतीस, बघत होतीस. कापड खोटं दाखवत होतं, ते मी तसं केलं होतं, आणि मला माहीत असून मी तुझं नाव घेतलं. मला माफ कर."

चिंध्या मी सोडल्या नाहीत.