माझ्या हाताचा वास

चंद्रपूरला कॉलेजसाठी मी ज्या घरात भाड्याने राहते, त्या घराच्या गच्चीवर टिनाच्या शेडमध्ये पाच कुत्र्या पिंजऱ्यात असत. त्यांची पिल्लं विकणं हा घरमालकीणकाकूंचा धंदा. त्यात माझं काम कसं सुरू झालं ते आठवायला बरं वाटत नाही. परीक्षेच्या फॉर्मवरचं माझं अक्षर काकूंनी पाहिलं.

"तुयं अक्षर तं मोत्यावानी हाय, पोरी. पिल्लांचे कार्ड तूच लिहीत जा."

आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीसुद्धा केलेली नाही. मला अभिमान वाटला, हे खरं आहे.

गिऱ्हाइकाला द्यायच्या कार्डावर रंग, नर की मादी, जन्मतारीख लिहायची. त्यासाठी प्रत्येक पिल्लू आईजवळून उचलून उलटं धरून पाहावं लागे. ते मी करायची. मी उचललेलं पिल्लू परत आत जात नसे, सरळ विक्रीच्या खोक्यात जाई. तारीख काकू सांगत, खऱ्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची, म्हणजे पिल्लू मोठं वाटावं.

"काकू, अजून दूध पिऊन राह्यले ते."

"तू वकील होऊन राह्यली का? लिही गुमान."

आमच्या गावात कुत्री स्वतः गुरकावून पिल्लांना दुधापासून दूर करत नाही, तोवर कोणी पिल्लू उचलत नाही. लहानपणापासून मला हे माहीत होतं. तरी मी लिहिलं. खोली जाईल ही भीती होती. पण सगळं भीतीवर ढकलणंही बरोबर नाही.

गच्चीवरच्या पाचांतली एक पांढुरकी लॅब्रॅडॉर माझ्यासमोर तीनदा व्याली, आणि तिन्ही वेळा तिची पिल्लं मीच उचलली. चौथ्यांदा गाभण राहिली नाही, तेव्हा काकू म्हणाल्या, "घेऊन जा हिले तुया गावाले. जंगल हाय, मोकळं हाय. पुण्य लागन तुले."

आपण तिला सोडवतोय असं मला वाटलं. काकूंची अडगळ मी उचलत होते, हे तेव्हा कळलं नाही. पिल्लं पोचवायच्या गाडीनेच आम्ही आलापल्लीच्या पुढे, माझ्या गावी गेलो.

अंगणात उतरल्यावर ती पाय उचलून उचलून उभी राहिली, माती भाजत असल्यासारखी. माय तिच्याजवळ बसली.

"हिची बोटं काऊन अशी फाकली वं?"

"पिंजऱ्याच्या जाळीवर उभी राहायची."

"आन् पिल्लं कुठी गेली हिची?"

"विकली."

"दूध सुटलं होतं त्यांचं?"

माय माझ्याकडे बघत राहिली. "तू तं तिथीच होती ना?"

एवढं अंगण मोकळं असूनही ती कुत्री कोंबड्यांच्या खुराड्यात शिरून बसायची. भाकरी तिथेच द्यावी लागे. मी कॉलेजला परत आले. दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा गावातली एक कुत्री बिबट्याने उचलून नेली होती आणि तिची तीन पिल्लं मायने घरी आणली होती. माय त्यांना बोळ्याने बकरीचं दूध पाजायची. पोट भरलं की पिल्लं खुराड्यात शिरून हिच्या पोटाशी निजत. आटलेल्या सडांना ती तोंड लावत, ही त्यांना चाटत राही.

माय आत हात घालून पिल्लू काढायची तेव्हा ही मायचा हात हुंगायची, पिल्लामागे मान लांबवायची, एकदा तर बारीक गुरकावलीसुद्धा. मायला हसू आलं. "पाहा, मले दम देऊन राह्यली!"

मलाही बरं वाटलं. मी खुराड्यापाशी बसले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून आत घातला. मला पिल्लू नको होतं.

तिने माझा हात हुंगला. मग उठली, पिल्लांवरून जपून पाय टाकत मागे सरकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिन्ही पिल्लं माझ्या हातासमोर उघडी पडली होती.

"काढ हात," माय म्हणाली.