पहारवाले अण्णा

आमचे मुकादम अण्णा सकाळी माणसांच्या आधी पुलाशी बोलत. सोनिवलीच्या पुढे ओढ्यावरचा तो जुना पूल. पलीकडच्या गावाला बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. अण्णा सात वाजता खांद्यावर लोखंडी पहार टाकून यायचे, ठरलेल्या सहा जागी रस्त्यावर पहारीचा टोला हाणायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. आवाज खणखणीत आला की "आज बरा हाय" म्हणत तंबाखू मळायला घ्यायचे. त्याआधी कोणी रामराम घातलाच तर हात वर करून त्याला गप्प करत. या टोल्याला ते ‘पहार देणं’ म्हणायचे आणि गाव त्यांना म्हणायचं पहारवाले अण्णा.

मी उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये वाढलेली, रस्त्यांच्या कार्यालयात नुकतीच कनिष्ठ अभियंता म्हणून लागलेली. डोक्यावर हेल्मेट आणि डोक्यात पदवी, दोन्ही नवीकोरी. चारचौघांत अण्णा मला ‘म्याडम’ म्हणत. माणसं पांगली की ‘पोरी’. ‘पोरी’ ऐकलं की मी ओळखायचे, आपलं काहीतरी चुकलंय.

त्यांचा राग खड्ड्यांवर नव्हता, पाण्यावर होता. खड्डे बुजवायचे सोडून हा माणूस कडेचं गटार काय उपसत बसतो, म्हणून मी सुरुवातीला चिडायचे. "खड्डा काय, उद्या बी भरंल. आधी पानी काढा, रस्ता आपआप ऱ्हातो." मे महिन्यात त्यांनी पुलाच्या तोंडाशी वाकून मला गटाराचं पाणी ओढ्यात सोडणारा, मातीने गच्च भरलेला पाइप दाखवला. "ह्यो असाच ऱ्हायला तं पानी रस्त्याखालच्या भरावात घुसंल, पोरी." मी ‘बघते’ म्हटलं. पुढच्या आठवड्यात पावसाळ्याआधीच्या पाहणीचा फॉर्म मी जीपमध्ये बसूनच भरला: ‘पूल व जोडरस्ता सुस्थितीत.’ सही मात्र झोकदार केली होती.

जुलैत ओढा तीन दिवस फुगला आणि उतरला. चौथ्या सकाळी अण्णांनी पुलाच्या तोंडाशी दगड मांडले, पहार आडवी टाकली आणि रस्त्यात बसले. वरून हुकूम नाही, काही नाही. निवृत्तीला दोन महिने राहिलेले. मी पोचले तेव्हा दुधाच्या गाड्या खोळंबल्या होत्या आणि एक टेम्पोवाला तावातावाने म्हणत होता, "काका, रोड तो एकदम चकाचक है, काय को टाइम खोटी करते हो?"

"उपर से चकाचक है भाऊ. पेट खाली है."

"अण्णा, कोणाला विचारून रस्ता बंद केलात?" मी ओरडले. सगळ्यांसमोर ओरडले, त्याची लाज अजून वाटते. ते उठले आणि त्यांनी पहार माझ्या हातात दिली. "द्या, म्याडम." मी टोला दिला. रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा आवाज आला. अण्णांच्या माणसांनी कडेने खणलं, तर डांबराखाली माणूस बसेल एवढी पोकळी. भराव वाहून गेला होता, बरोबर त्या तुंबलेल्या पाइपाजवळ. टेम्पोवाल्याने गाडी मागे घेतली.

तरीही अण्णांना नोटीस आलीच: परवानगीविना रस्ता का बंद केला? अण्णांनी खुलासा सांगितला, मी तसाच लिहिला. ‘सकाळी पुलावर पहार दिली. आवाज पोकळ आला, म्हणून रस्ता बंद केला.’ टाइप करणाऱ्या कारकुनाला वाटलं, मॅडमचा काना राहिला. त्याने ‘पहारा दिला’ करून टाकलं. वरून शेरा आला: ‘मुकादमाने पहारा देण्याचे कारण काय? नेमून दिलेले काम सोडल्याबद्दल कारवाई का करू नये?’

मी आधी पोट धरून हसले, मग माझं हसू विरलं. तो काना खोडून पुन्हा खुलासा द्यायचा तर पोकळी का झाली, पाइप कोणी कोणाला कधी दाखवला, सगळंच लिहावं लागणार होतं; आणि मग निघणार होती माझी झोकदार सही. अण्णांच्या हे माझ्याआधी लक्षात आलं होतं.

"ऱ्हाऊ दे पोरी तो काना," ते म्हणाले. "माजं दोन म्हयनं ऱ्हायलंत. तुजी तीस वर्सं हायत."

उभ्या नोकरीत एकही डाग न लागलेला हा माणूस शेवटच्या दोन महिन्यांत माझा डाग अंगावर घ्यायला निघाला होता. मला रडूच आलं. मी पेनाने तो काना खोडला, खाली पाइपाची हकीकत लिहिली आणि माझं नाव लिहिलं. मला लेखी ताकीद मिळाली. अण्णा स्वच्छ सेवापुस्तकासह निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी आम्ही ती पहार त्यांना द्यायला गेलो, तर त्यांनी हात मागे घेतले. "माजी नाय ती. पुलाची हाय."

अण्णा मागच्या वर्षी गेले. पहार आता माझ्या जीपमध्ये असते आणि टोला दिल्याशिवाय मी फॉर्मवर सही करत नाही. परवा पलीकडच्या गावाचं पत्र आलं: गटार तुंबलंय, ‘पहारावाल्या बाईंना’ पाठवा. नवा कारकून लाल पेन घेऊन माझ्याकडे आला.

"मॅडम, इथे एक काना जास्त पडलाय. खोडू?"

"राहू दे तो काना," मी म्हटलं.