मास्तरांचा उजवा पाय

माझ्या बहिणीचे यजमान गाडी चालवायला शिकवतात. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, मी भावोजी म्हणते आणि ताई 'अहो' म्हणते, तेही राग आलेला नसेल तेव्हा. एकतीस वर्षं ते एका छोट्या गाडीत, चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून आहेत. त्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की तो दाबायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांच्या उजव्या बुटाचा तळ डाव्याच्या सहा महिने आधी झिजतो. बूट शिवणारा त्यांना दर वेळी विचारतो, "मास्तर, एकेकटा बूट विकत मिळायला हवा ना तुमच्यासाठी?"

मला चौकश्या करायची खोड आहे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना 'आता बरं दिसतंय की मघाशी?' असं विचारायचं, तर घरी आल्यावर तोंड एकदम कसं बंद होणार? तरीही भावोजींची एक साधी गोष्ट माझ्या नजरेतून इतकी वर्षं सुटली होती. ती काढली एका बेकरीवाल्याने. लायसन्सची परीक्षा पास झाल्याचा केक घेऊन तो घरी आला आणि जाताना सहज म्हणाला, "मास्तर, तुम्हाला स्वतःला गाडी चालवताना मी कधी पाहिलंच नाही हो."

आम्ही हसलो. भावोजी हसले नाहीत. कारण ते खरंच होतं. सकाळचा पहिला विद्यार्थी दारात येऊन गाडी बाहेर काढायचा आणि संध्याकाळचा शेवटचा ती दारात आणून लावायचा. मधल्या वेळात मास्तरांचा हात स्टीयरिंगला लागलाच तर शेजारून, कुणाला तरी खांबापासून वाचवायला. आठवड्याने एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "मी ड्रायव्हर आहे की नुसता ब्रेक, हे एकदा बघायला हवं."

बघायला साधन होतं. घरामागच्या शेडमध्ये एक जुनी स्पोर्ट्स कार होती. दोन सीटची, कापडी छपराची, एके काळी लाल. एका दातांच्या डॉक्टरांनी भंगारात काढलेली ही गाडी भावोजींनी आणली आणि आठ वर्षं रविवार-रविवार खपून चालती केली. ताई तिला सवत म्हणते. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी ताईने भांडी जरा जोरातच घासली होती. गाडी चालती झाली खरी, पण तिचं पुढे काय करायचं हे भावोजींनाही ठाऊक नव्हतं. शेडमधून अंगणात, अंगणातून शेडमध्ये, एवढीच तिची मजल.

त्याच सुमारास त्यांना कळलं की तीन तासांच्या अंतरावर शर्यतीचा एक ट्रॅक आहे आणि तिथे शनिवार-रविवार हौशी लोकांना आपापली गाडी पळवू देतात. शर्यत नाही, पहिला-दुसरा नाही, बक्षीस नाही. फी भरा, हेल्मेट घाला, पळवा. भावोजींनी नाव नोंदवलं आणि ताईला सांगितलं, "दोन दिवसांत कळेल. ब्रेक निघालो, तर सोमवारी गाडी विकून टाकू. तू म्हणशील त्याला."

"तोंडचे शब्द आहेत, लक्षात ठेवा," ताई म्हणाली आणि तिने संध्याकाळपर्यंत एक गिऱ्हाईक शोधून सोमवारची वेळही देऊन टाकली.

शनिवारी मी भावोजींबरोबर गेले. त्या गाडीत बसणं म्हणजे जमिनीवर मांडलेल्या बादलीत बसणं. आधी एक पाय, मग पाठ, मग उरलेली अब्रू. रस्त्याने आम्हाला दुधाच्या गाडीने मागे टाकलं आणि मग एका सायकलवाल्यानेही, अर्थात चढावर नव्हे, उतारावर. मी विचारलं, "भावोजी, ही चाळीसच्या पुढे जाते ना?" ते म्हणाले, "जाते. पण घाई कुणाला आहे?" मला तर होती.

ट्रॅकवर पोचलो तर निराळंच जग. एकाने गाडीचा आवाज यंत्राने मोजला, एकाने चाकांचे नट तपासले, एकाने काचेवर नंबर चिकटवला. आजूबाजूला चाळीसेक गाड्या आणि त्यांच्याभोवती पोट सुटलेले, टक्कल पडलेले, लहान मुलांसारखे चेहरे झालेले पुरुष. बायकाही होत्या, त्यांतली एक तर सत्तरीची, हातमोजे घालून. मला प्रत्येकाला विचारायचं होतं की तुम्ही एरवी काय करता. विचारलंही. हातमोजेवाल्या आजी कोर्टात टायपिस्ट होत्या.

नवख्यांना शिकवायला तिथे एक चाळिशीच्या बाई होत्या. भावोजी त्यांना 'बाई' म्हणायला लागले आणि त्या यांना 'मास्तर', त्यामुळे सगळं शाळेसारखंच वाटायला लागलं. बाईंनी ट्रॅकचं गमक थोडक्यात सांगितलं. सरळ लांब रस्ता संपताना मोठं वळण येतं. वळणाआधी तीन पाट्या आहेत, तीनशे, दोनशे, शंभर. म्हणजे वळण तेवढे मीटर राहिलं. "या तुमच्या गाडीला शंभरच्या पाटीशी ब्रेक पुरतो. आधी दाबलात तर मागचा तुमच्यावर येईल आणि तुम्हालाही काही कळणार नाही."

मी कुंपणाशी उभी राहिले. तिथून गाड्यांचे मागचे दिवे दिसायचे. ब्रेक दाबला की लाल. माझ्यासारखीला आणखी काय हवं? एकेक गाडी येत होती, तीनशे गेलं, दोनशे गेलं, शंभरला लाल. मग भावोजी आले. तीनशेची पाटी यायच्या आधीच लाल. पुढच्या फेरीला तेच. त्याच्या पुढच्याही. वर प्रत्येक वळणाआधी ते इमानदारीने बाजूचा दिवा लुकलुकवत होते. हातमोजेवाल्या आजी त्यांना तीनदा मागे टाकून गेल्या.

दिवसाअखेर भावोजी हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. "पाय ऐकत नाही," म्हणाले. "तुझ्या ताईला सांग, गिऱ्हाईक येऊ दे." मला वाईट वाटलं आणि रागही आला. आठ वर्षं खपायचं आणि आठ फेऱ्यांत हात टेकायचे! मी बाईंना गाठलं आणि म्हटलं, "बाई, तुम्ही चालवा, यांना शेजारी बसवा. निदान आपली गाडी कशी पळते ते तरी बघतील." यात माझी काही हुशारी नव्हती. मला स्वतःलाच बघायचं होतं.

तीन फेऱ्या मारून बाई आल्या. हेल्मेट काढायच्या आधी त्यांनी वाकून शेजारच्या सीटपुढची चटई पाहिली. तिथे बुटाच्या टाचेची ताजी खूण होती.

"मास्तर, इथे ब्रेक नाहीये."

"माहीत आहे," भावोजी ओशाळले. "सवय."

"तुम्ही तो कधी दाबत होता, हे माहीत आहे का? शंभरच्या पाटीला. तिन्ही वेळा. माझा पाय आणि तुमचा पाय एकदम."

भावोजी हळूहळू, विद्यार्थ्याला समजावतात तसं, म्हणाले, "आधी दाबला तर समोरचा शिकत नाही. उशिरा दाबला तर भिंत. मधे एक जागा असते. तोवर थांबावं लागतं. थांबणं हेच तर काम आहे, बाई. दाबणं कुणालाही येतं."

"मग स्वतः चालवताना का थांबत नाही?"

उत्तरही बाईंनीच दिलं. "उद्या असं समजा, की चालवणारा तुमचा विद्यार्थी आहे. तुमच्याइतका बरा विद्यार्थी तुम्हाला मिळालेला नाही. त्याला जरा संधी द्या."

रविवारी सकाळच्या बसने ताई आली. "बघू तरी सवतीचे चाळे," म्हणाली, पण कुंपणापाशी आल्यावर तिने माझा दंड धरला तो सोडला नाही. मी तिला पाट्या दाखवल्या, लाल दिव्याचं सांगितलं. पहिल्या फेरीला दिवा तीनशेला लागला. दुसऱ्या फेरीला तीनशे आणि दोनशेच्या मधे. तिसऱ्या फेरीला ती जुनाट लाल गाडी सरळ रस्त्यावर आली, आणि मी शपथेवर सांगते, भावोजींचे ओठ हलत होते. ते काय म्हणत होते ते त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. "थांब. घाबरू नको. थांब."

तीनशे गेलं. दोनशे गेलं. ताईची नखं माझ्या दंडात रुतली. शंभरला लाल. गाडी वळणात शिरली आणि दोरी ओढावी तशी पलीकडे निघून गेली. मी ओरडले. शेजारचे चार जण माझ्याकडे बघायला लागले. पुढच्या फेरीला शंभर, त्याच्याही पुढच्या फेरीला शंभर.

भावोजी परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. हेल्मेट काढून ताईला म्हणाले, "अगं, ड्रायव्हर आहे मी."

आता ताई सवतीपुढे हार मान्य करील, निदान काहीतरी टोमणा मारील, अशी माझी अपेक्षा. ती म्हणाली, "मग मला का नाही शिकवलंत?"

हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, ताईला गाडीची आवड नाही. तिने सांगितलं, लग्नानंतर त्यांनी तिला चार दिवस शिकवलं होतं. चार दिवस ती गाडी वीस हात पुढे गेली की थांबायची. तिला वाटलं, आपल्याला जमत नाही. पाचव्या दिवसापासून ती बसली नाही आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. "अख्ख्या गावाला शिकवलंत. त्या बेकरीवाल्याला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्यालाही शिकवलंत. मीच तेवढी ढ होते?"

भावोजी गाडीच्या दारावरची धूळ बोटाने पुसू लागले. "तू चांगली चालवत होतीस," ते म्हणाले. "माझाच पाय थांबत नव्हता. दुसऱ्या कुणाच्याही वेळी थांबायचा. तू बसलीस की नाही थांबायचा."

"आणि हे मला तेव्हा सांगता आलं नाही?"

"नाही आलं."

ताई रागावली होती, यात शंका नाही. मला तो चेहरा लहानपणापासून ओळखीचा आहे. मग तिने हात पुढे केला. किल्ली मागण्यासाठी.

गाड्या लावायचं मागचं मैदान तोवर रिकामं झालं होतं. ताई स्टीयरिंगमागे बसली, पदर खोचला, सीट पुढे ओढली. भावोजी शेजारी बसले. त्यांनी क्लच समजावला, गिअर समजावला, आवाज अगदी मास्तरांचा. गाडी एकदा गचका खाऊन बंद पडली, दोनदा पडली. तिसऱ्या वेळी निघाली आणि थेट कुंपणाच्या दिशेने चालू लागली. मी कुंपणाच्या बाजूलाच उभी होते, म्हणून मला नीट दिसलं. भावोजींनी बूट काढून ठेवले होते आणि दोन्ही पाय वर घेऊन, हातांनी घट्ट धरून, ते सीटवर बसले होते.

ताईने वेळेवर वळवली.